चिलखताच्या आत

आमच्या घराच्या माळ्यावर चार छात्या, तीन पाठी आणि सहा डोकी ठेवलेली आहेत. मुक्कामाला येणाऱ्या पाहुण्याला ही गोष्ट आधी सांगून ठेवावी लागते. नाहीतर रात्री पाणी प्यायला उठलेला माणूस सहज वर बघतो, आणि सकाळी चहा व्हायच्या आत त्याला गावाकडं काहीतरी महत्त्वाचं काम निघतं. माझ्या मेव्हण्याचं एकदा तसं झालं. पाहुणे टिकू नयेत म्हणूनच मी ती चिलखतं तिथं ठेवतो, असा सौ.चा आरोप आहे. त्यात मुळीच तथ्य नाही असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

होय, मी चिलखतं करतो. पोटासाठी शाळेत चित्रकला शिकवतो, हौसेसाठी कादंबऱ्या लिहितो, आणि या दोन्हींतून उरलेल्या वेळात मुलांच्या अंगावर चढवायला चिलखतं करतो. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक. म्हणजे दहावीच, पण आमचे वडील शेवटपर्यंत तिला मॅट्रिक म्हणत, आणि त्या शब्दाला जरा वजन आहे म्हणून मीही तोच धरून बसलो आहे. पुढं चित्रकलेची पदविका घेतली आणि शाळेला चिकटलो. या सगळ्यात चिलखतविद्या कुठंच बसत नाही. पण कोल्हापुरात राहणाऱ्या माणसाला लुटुपुटीच्या लढाईची तयारी शिकायला कॉलेजात जावं लागत नाही. बाबूराव पेंटर या गावचे. नाटकांचे पडदे रंगवता रंगवता त्या माणसानं स्वतःच्या हातानं सिनेमाचा कॅमेरा बनवला, आणि १९२३ साली ‘सिंहगड’ काढला. पुढं भालजी पेंढारकरांच्या जयप्रभा स्टुडिओत किती मावळे उभे राहिले, किती मोगल आडवे झाले, याची गणती कोणी करावी? त्या सगळ्यांच्या अंगावरचं काही ना काही या गावात कुणीतरी शिवलं, ठोकलं, रंगवलं असणारच. मी त्यांच्याच भाऊबंदांपैकी एक, इतकंच.

आमचा हंगाम फेब्रुवारीत. एकोणीस तारखेची शिवजयंती आणि अठ्ठावीस तारखेचा विज्ञान दिन, यांच्यामध्ये नऊ दिवस असतात. शाळेच्या तिजोरीत दोन वेषांचे पैसे कधीच नसतात. तेव्हा एकोणीस तारखेचा मावळा अठ्ठावीसला अंतराळवीर होतो. चांदीचा रंग तोच राहतो, छातीवरचं सूर्यफूल निघून तिथं दिव्यांची पेटी येते, आणि शिरस्त्राणाचं टोक कापून त्याला काच बसते. साडेतीनशे वर्षांचा प्रवास नऊ दिवसांत, तोही शाळा सुटल्यानंतर! वैशाखातली जुनी तिथी पाळणाऱ्या एखाद्या मंडळाची मागणी आली तर अंतराळवीराला पुन्हा मागं यावं लागतं. त्याचीही आता सवय झाली आहे.

सामान कुठून येतं, असं लोक फार विचारतात. चप्पल लाईनला जावं. तिथल्या मंडळींना चपलेचे तळ कापायला जी फोमची शीट लागते, तीच आम्हाला चिलखताला लागते. परदेशात सिनेमातल्या वीरांचे वेष करणारे हौशी लोकही हीच ईव्हीए शीट वापरतात, हे मला फार उशिरा कळलं, आणि कळल्यावर कोल्हापूरचा अभिमान उगाच थोडा वाढला. आधी मुलाच्या अंगाभोवती वर्तमानपत्र गुंडाळायचं, वर चिकटपट्टी लावायची, आणि त्याच्यावरच खडूनं रेघा मारायच्या. मग ते सगळं अलगद कापून जमिनीवर पसरलं की त्या मुलाचा नकाशा तयार होतो. माणसाची छाती सपाट कागदावर मावत नाही, ही भूमितीतली अडचण तेव्हा हाताला कळते. शीट कापायची, गरम हवेच्या बंदुकीनं शेकायची आणि गुडघ्यावर दाबून वळवायची. सोल्युशन दोन्ही कडांना लावून दहा मिनिटं गप्प बसायचं. हे गप्प बसणं सर्वांत कठीण. घाई केली तर सांधा सुटतो, आणि एकदा चिकटला की जीव गेला तरी सुटत नाही. लग्नासारखंच म्हणा. रंगाच्या आधी पातळ केलेल्या फेविकॉलचे तीन-चार हात द्यावे लागतात. नाहीतर मुलगा वाकताच पोटावर भेगा पडतात, आणि पराक्रमी पुरुषाला तुटलेल्या पापडाची कळा येते.

कादंबरीत हे सारं किती सोपं असतं! ‘त्यानं चिलखत चढवलं आणि घोड्यावर मांड टाकली.’ माझ्या दोन्ही कादंबऱ्यांत हे वाक्य थोड्याफार फरकानं आहे, आणि तिसरीतही येईल; वाचकाला पंचवीस मिनिटं ताटकळत ठेवणं कुठल्याच लेखकाला परवडत नाही. प्रत्यक्षात एका चिलखतापाठीमागं दोन माणसं लागतात. एक पट्टे ओढणारा आणि दुसरा ‘श्वास सोड’ म्हणणारा. एकदा चढलं की बसायचं नाव नाही. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मध्ये सोनेरी यंत्रमानव झालेल्या अँथनी डॅनियल्स या नटाला त्या वेषात बसताच येत नसे. विश्रांतीला म्हणून तो तिरक्या फळीला टेकून उभा राही. जगभर टाळ्या घेणारा तो सोन्याचा माणूस फळीला टेकलेल्या शिडीसारखा उभा आहे, हे चित्र मला फार आवडतं.

खरं चिलखत मात्र दाखवायला नसतंच. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी महाराज अफझलखानाला भेटायला गेले, तेव्हा चिलखत अंगरख्याच्या आत होतं. वरून दिसला तो साधा पोशाख. खानाचा वार अंगरखा फाडून आतल्या कड्यांवर घासला, तेव्हाच त्या चिलखतानं आपण आहोत असं सांगितलं. आमचं चिलखत नेमकं उलटं. ते बाहेर असतं, झळकतं, लोकांनी बघावं म्हणूनच जन्माला येतं, आणि कुठलाही वार झेलत नाही. झेलतो तो आतला मुलगा. वार असतो उन्हाचा आणि घामाचा.

२०२५ च्या मे महिन्यात जयंत नारळीकर गेले. त्यांचा जन्म कोल्हापूरचा, १९३८ चा. त्यामुळं त्यानंतरच्या विज्ञान दिनाला आमच्या शाळेनं त्यांच्या कथांची दिंडी काढायचं ठरवलं. नारळीकरांनी स्वतःही एकदा वेष पालटला होता, हे वर्गात सांगितलं की मुलांना फार गंमत वाटते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं. आपल्या आद्याक्षरांना त्यांनी उलटं चालायला लावलं होतं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीकडून लिहून घेतली. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. जगभर नाव झालेल्या शास्त्रज्ञाला आपलं नाव काढून ठेवून एकदा नुसत्या कथेच्या बळावर उभं राहावंसं वाटलं!

दिंडीच्या अग्रभागी अंतराळवीर हवा होता. नववीतला एक उंच मुलगा त्या चिलखतात बरोबर बसला. वर्गात तो मागच्या बाकावर असतो; हजेरीचं ‘उपस्थित’ सोडलं तर त्याचा आवाज महिना महिना ऐकू येत नाही. टोप डोक्यावर चढवला आणि तो एकदम म्हणाला, “सर, आतनं माझा आवाज मोठा येतोय.” वर्षभरातलं त्याचं माझ्याशी बोललेलं हे सर्वांत लांब वाक्य. मी म्हटलं, मग बोल की! तर आतून त्यानं तेवीसचा पाढा म्हटला, अख्खा, न अडखळता.

दुसऱ्या दिवशी त्याचे वडील आले. उद्यमनगरात एका फाउंड्रीत रस ओतायच्या कामावर असलेला माणूस. चिलखताभोवती एक फेरी मारून त्यांनी विचारलं, “सर, हे घालायला किती येळ लागतो?”

“पंचवीस मिनिटं.”

“आनि काढायला?”

“साधारण तेवढाच.”

“मग पोरगं न्हाई घालायचं.”

मी चकित झालो. त्यांनी पायातली चप्पल काढली आणि उजवा पाय पुढं केला. पावलाच्या वरच्या बाजूला कातडी सुरकुतलेली होती, भाजलेल्या वांग्यासारखी. बिडाचा रस साडेतेराशे-चौदाशे अंशांवर ओततात. त्यातला एक थेंब पूर्वी कधीतरी त्यांच्या बुटात गेला होता. “बूट लेसचा हुता,” एवढंच ते म्हणाले. त्या एका वाक्यात सगळी हकिकत होती. म्हणून तर ओतकाम करणाऱ्याचा चांगला बूट बिनलेसचा असतो, नुसता पाय झटकला की निघून पडावा असा. “घालायला तास लागू द्या, सर. काढायला येक हिसका पुरला पायजे.”

ते चिलखत रात्री स्कूटरवरून घरी घेऊन गेले. मागच्या सीटवर अंतराळवीराला दोरीनं बांधून मिरजकर तिकटीवरून जाताना त्यांना कुणी कुणी पाहिलं, याची चर्चा पुढं आठवडाभर चालली होती. चौथ्या दिवशी परत आणलं. बगलेत आणि मानेमागं ओळीनं भोकं पाडली होती. जुन्या बनियनचं अस्तर आत लावलं होतं. आणि सगळे पट्टे एका दोरीवर ओवून तिचं टोक पाठीवर मोकळं सोडलं होतं. दोरी ओढली की छाती, पाठ, खांदे एकदम सुटून खाली. मी चित्रकलेचा माणूस. चिलखत समोरून बघणारा. या गृहस्थांनी ते आत शिरून पाहिलं होतं.

मला तेव्हा चांद्रयात्रींचे पोशाख आठवले. १९६९ साली चंद्रावर उतरलेल्यांच्या अंगावरचा पोशाख शिवला तो बायकांचे आतले कपडे करणाऱ्या कंपनीच्या शिवणकारणींनी. एकावर एक एकवीस थर, आणि आत अंगालगत पाण्याच्या बारीक नळ्या फिरवलेल्या. कशासाठी? तर आतला माणूस तापू नये म्हणून. जगानं पाहिला तो बाहेरचा पांढरा रंग.

अमेरिकेतला आल्बिन जॉन्सनही मला असाच आठवतो. मोटारीच्या अपघातात त्यानं एक पाय गमावला होता. सिनेमातल्या शिपायांचं पांढरं प्लॅस्टिकचं चिलखत त्यानं अंगावर चढवलं, तेव्हा त्या पांढऱ्या पायांतला खोटा कुठला हे बघणाऱ्याला कळेना. १९९७ साली त्यानं अशा हौशी लोकांची पलटण काढली. आज जगभर तिचे लोक आहेत, आणि ते तसल्या वेषात इस्पितळांतल्या आजारी मुलांना भेटायला जातात. सिनेमात ते शिपाई दुष्टांच्या बाजूचे आहेत, ही गोष्ट मुलं मनावर घेत नाहीत.

अठ्ठावीस तारखेला सकाळी दिंडी निघाली. पुढं लेझीम, मग अंतराळवीर, मागं कागदी ग्रहगोल. शनीचं कडं पहिल्याच वळणाला एका सायकलीत अडकलं. अंतराळवीराच्या शेजारून, अर्ध्या पावलाच्या अंतरानं, त्याचे वडील चालत होते. अंगावर कामाचा खाकी शर्ट, हातात पाण्याची बाटली. त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. लोक अंतराळवीराकडं बघत होते. ते मात्र त्याच्या उजव्या हाताकडं. तसं ठरलेलंच होतं. मूठ मिटलेली असेल तोवर ठीक, पंजा उघडला की संपलं.

बिंदू चौकाच्या अलीकडं पंजा उघडला.

हिसका बसला, आणि भर रस्त्यात अंतराळवीर गळून पडला. छाती एकीकडं, पाठ दुसरीकडं, टोप गडगडत गटाराच्या कडेला. मध्ये बनियनवर एक घामानं निथळलेला, लालबुंद मुलगा. क्षणभर सगळं शांत झालं. मग एका दुकानाच्या पायरीवरच्या म्हातारबुवांनी टाळी वाजवली, आणि सगळा चौक वाजवू लागला. लोकांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग. वडिलांनी अर्धी बाटली मुलाच्या डोक्यावर ओतली, अर्धी त्याला प्यायला दिली आणि बनियनखाली हात घालून पाठ चाचपली. मुलगा हसत होता. सगळ्या चौकात ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, “सर, पुन्हा घालू?”

पंचवीस मिनिटं लागणार होती. दिंडी थांबली. लेझीमवाल्यांनी तेवढ्यात दोन डाव जास्त मारले.

मिरवणुकीनंतरचं काम कुणाला दिसत नाही, पण खरं काम तेच. आतली बाजू डेटॉलच्या पाण्यानं पुसायची. वाळवायचं ते सावलीत, कारण उन्हात सोल्युशन ढिलं पडतं. खांद्याला अडकवून ठेवायचं नाही, वजनानं फोम ओघळतो; पोटात वर्तमानपत्राचे बोळे भरून आडवं ठेवायचं. पावसाळ्यात पंधरा दिवसांनी एकदा उघडून बुरशी बघायची. हे सगळं आता तो मुलगा करतो. रविवारी येतो, न बोलता कामाला लागतो. पाढे मात्र म्हणतो. एकोणतिसापर्यंत आला आहे.

गेल्या महिन्यात त्याच्याबरोबर त्याचे वडीलही आले. मावळ्याचं चिलखत उलटसुलट करून म्हणाले, “ह्येला दोरी न्हाई?”

मी म्हटलं, “अहो, तो मावळा आहे. मोगलासमोर एका हिसक्यात त्याचं चिलखत गळून पडलं तर इतिहासाचं काय होईल?”

ते थोडा वेळ विचारात पडले. मग म्हणाले, “खरं हाय. पर मोगल बी आपल्याच शाळंतला हाय न्हवं? तो काय मारतोय?”

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीत चारही चिलखतांना दोऱ्या ओवायला घेतल्या आहेत. दोरी लाल आणली आहे. काळी गर्दीत चटकन दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं.