अण्णांचं रान समुद्राच्या तळाशी

आमच्या कंधार तालुक्यात जमिनीला भोक पाडणं नवलाचं नाही. उन्हाळा लागला की बोअरच्या गाड्या रात्ररात्र घुरघुरत असतात. पाणाड्या तळहातावर नारळ आडवा धरून रानात फिरतो, नारळ उभा राहिला तिथं दगड ठेवतो आणि मग फुटाच्या हिशोबानं पैसे जायला लागतात. 2015 च्या दुष्काळात आमच्या रानात 520 फूट खाली जाऊन निघाला फक्त फुफाटा. त्याचं व्याज पुढं चार वर्षं चालू होतं.

त्यामुळं नांदेडला भूशास्त्र शिकताना 'जॉईडस रिझोल्युशन' या जहाजाबद्दल वाचलं, तेव्हा आधी हसूच आलं. 143 मीटर लांब जहाज, पाण्यापासून 62 मीटर उंच मनोरा, शंभरावर माणसं, आणि हा सगळा थाट समुद्राच्या तळाला बोअर मारायला! तोही पाण्यासाठी नाही, गाळासाठी. आपण जे बांधावर फेकून देतो, ते आणायला ही माणसं दोन-दोन महिने घरदार सोडतात.

मी त्या जहाजावर पाऊल ठेवलेलं नाही. पण मोहिमांचे अहवाल आणि गाळाचे फोटो इंटरनेटवर खुले आहेत, ते होस्टेलवर मोबाईलमध्ये वाचत बसायचे. तिथं रविवार नसतो. बारा तासांची पाळी, दुपारी बारा ते रात्री बारा किंवा रात्री बारा ते दुपारी बारा. इतक्या खोल पाण्यात नांगर कामाचा नाही, म्हणून जहाजाखालचे 12 पंखे संगणकाच्या हुकमानं फिरत राहतात आणि जहाज भोकाच्या बरोबर वर टिकून राहतं. जहाजाच्या पोटात आरपार भोक आहे, त्यातून पाइपाला पाइप जोडत खाली सोडतात. मऊ गाळात तर पाइप फिरवतही नाहीत. पाण्याच्या दाबानं नळी एका दणक्यात खुपसतात. साडेनऊ मीटरच्या आसपास गाळ थरांसकट वर येतो. 'कोअर ऑन डेक!' अशी आरोळी झाली की सगळे धावतात. नळीचे दीड-दीड मीटरचे तुकडे होतात, वरची बाजू कुठली याची खूण होते. मग उभा काप: अर्धा भाग अभ्यासाला, अर्धा जपून ठेवायला.

2006 मध्ये 28 एप्रिल ते 19 ऑगस्ट हे जहाज भारताच्या मोहिमेवर होतं. शोधायचं होतं गॅस हायड्रेट, म्हणजे बर्फात अडकलेला मिथेन. 21 ठिकाणी 39 भोकं पाडली. वर आलेल्या नळीवरून इन्फ्रारेड कॅमेरा फिरवायचा. जिथं गारठा दिसेल तिथं हायड्रेट वितळतंय असं समजायचं आणि तो तुकडा चटकन कापून घ्यायचा.

त्यातलं एक भोक गोदावरीच्या मुखासमोर, 1,268 मीटर खोल पाण्याखाली होतं. त्या गाळावरचा कामिलो पोंटोन, लिव्हियू जिओसान आणि सहकाऱ्यांचा 2012 चा शोधनिबंध वाचताना मी उठून बसले. आमची मन्याड मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला. म्हणजे त्या नळीत आमच्याकडचीही माती असणार!

पानांवर मेणाचा पातळ थर असतो. पान कुजतं, मेण टिकतं आणि मातीबरोबर वाहत जातं. मेणातल्या कार्बनवरून कळतं की रानात ओलाव्याची झाडं होती की कोरड्यात तगणारी. गाळानं सांगितलं ते असं: सुमारे 4,000 वर्षांपूर्वीपासून गोदावरीच्या खोऱ्यात कोरड्यात तगणाऱ्या वनस्पती वाढत गेल्या आणि 1,700 वर्षांपूर्वीपासून त्याच टिकून राहिल्या. जिओसान यांच्या 2017 च्या निबंधात पुढचं आहे. याच काळात दख्खनची माती जास्त वाहून येऊ लागली. रान कोरडं पडत होतं, उघडं पडत होतं, आणि त्यात नांगराचाही हात होता.

हे अण्णांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजे आपलं रान समुद्रात हाय, अन् त्याचा सातबारा परदेशातल्या लोकांकडं?"

मला मात्र आमच्या 520 फुटांचं वाईट वाटलं. कर्ज काढून पाडलेल्या त्या भोकातली एक मूठही कुणी ठेवली नव्हती. पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या काकांकडं गाडी आली, तेव्हा मी दर दहा फुटाला मूठभर चुरा कॅरीबॅगेत भरला आणि वर मार्करनं आकडा टाकला. गाडीवाला हसला. काकू म्हणाल्या, "पोरगी शिकून खुळी झाली." आमच्या काळ्या पाषाणात पाणी साठतं ते बहुधा दोन थरांच्या मधल्या भेगाळ, सच्छिद्र, कुजलेल्या पट्ट्यांत. अखंड दगड लागला की खाली फुफाटाच. कुठल्या रानात काय लागतं, हे पिशव्यांवरून दिसायला लागलं.

ऑगस्ट 2024 मध्ये त्या जहाजाची शेवटची मोहीम संपली. अमेरिकेनं पैसा थांबवला. पण त्यानं आणलेला गाळ शीतगृहात आकड्यांसकट जपलेला आहे, अजून कुणीही मागवून वाचू शकतं.

आमच्याकडं आता सहा बोअरच्या पिशव्या आहेत. गेल्या उन्हाळ्यात अण्णा पुन्हा गाडी बोलावणार होते. आम्ही सगळ्या पिशव्या ओसरीवर ओळीनं मांडल्या. दोनशे फुटांच्या खाली सहाही ओळी सारख्याच होत्या, काळ्या, कोरड्या. अण्णांनी त्या चिमटीत घेऊन एक-एक पाहिल्या. गाडी आली नाही. त्या पैशातून उताराच्या बाजूला दगडी बांध घातले. विहिरीचं पाणी वाढेल का, ते दोन-तीन पावसाळे गेल्यावर कळेल. पहिल्या मोठ्या पावसानंतर बांधापाशी वीतभर गाळ साचला होता, एवढं मी मोजलंय.