पिझ्झ्याच्या दुकानांतील पंगत

एकत्र कुटुंबांत काय शिजलें यापेक्षां कोण केव्हां जेवलें यावरूनच घराची घडी ओळखावी, असें आमचें फार दिवसांचें मत आहे. नांदेडच्या आमच्या घरीं पाट जाऊन टेबल-खुर्च्या आल्या, चुलीच्या जागीं गॅस आला, सोंवळ्याचा कद पेटींत जाऊन बसला. परंतु पंगतीचा क्रम तसूभरही हलला नाहीं. प्रथम मुलें, मग पुरुषमाणसें व आलागेला, आणि सर्वांच्या मागून, ज्यांनीं रांधलें त्या बायका. तव्यावरची पोळी थेट ताटांत पडावी हा आमचा हट्ट. ती भाजणारीच्या वांट्यास डब्यांतली निवलेली पोळी यावी, हा त्याच हट्टाचा दुसरा भाग. आमच्या काकूंचें वय ७८ वर्षांचें आहे. "तुमचं होऊं द्या" असें म्हटल्यावांचून त्या कधीं जेवावयास बसल्याचें आम्हांस आठवत नाहीं.

थोरल्या बंधूंचा मुलगा वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठीं लातुरास राहतो. 'लातूर पॅटर्न' या नांवानें तेथील शिक्षण महाराष्ट्रभर गाजलें. त्या ओढीनें मराठवाड्यांतील कितीतरी मुलें तेथें खोल्या घेऊन राहतात आणि खानावळीच्या डब्यावर दिवस काढतात. गेल्या हिवाळ्यांत एका रविवारीं लोहा-अहमदपुराच्या रस्त्यानें आम्ही सात माणसें त्यास भेटावयास गेलों. काकूंनीं त्याच्यासाठीं दुधांतल्या दशम्या व शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती. मुलानें दशम्या हुंगून पाहिल्या, बाजूस ठेवल्या आणि स्पष्टच सांगितलें कीं, आज पिझ्झा. बंधूंच्या कपाळास आठी पडली. पण परीक्षेच्या मुलापुढें कोणाचें चालतें?

दुकान शिवाजी चौकापासून फार दूर नव्हतें. आंत पाऊल ठेवावयास जागा नाहीं अशी गर्दी. एका कोपऱ्यांत क्लासच्या दहाबारा पोरांनीं कोणाचा तरी वाढदिवस मांडलेला. दुसरीकडे पांढरी टोपी घातलेले एक शेतकरी गृहस्थ पत्नीसह मुलीसमोर बसले होते, आणि ती त्यांना मिरचीची पूड कशी शिंपडावी हें समजावून देत होती. बिलावरचा आंकडा भिंतीवरच्या पडद्यावर उमटेपर्यंत उभें राहावयाचें, अशी तेथील रीत. गाणें इतक्या मोठ्यानें चाललेलें कीं शेजारच्या माणसाशीं बोलणेंही कठीण. खाण्याच्या ठिकाणीं एवढा गोंगाट कशास हवा, हें कोडें आम्हांस अद्याप उलगडलेलें नाहीं.

पदार्थ म्हणाल तर साधा. मैद्याची कणीक यीस्ट घालून आंबवावयाची, हातानें पसरून तीवर टोमॅटोचा घट्ट रस, चीज आणि भाज्या घालावयाच्या, आणि कडक भट्टींत भाजावयाची. इटलींतील नेपल्स शहरच्या गरिबांचें हें खाणें. तेथील पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेची युनेस्कोनें २०१७ सालीं जगाच्या वारशांत नोंद केली. ज्या टोमॅटोवांचून तो आज ओळखूं येत नाहीं, तो मात्र युरोपास अमेरिकेंतून मिळाला, आपल्या मिरचीसारखाच.

दोन पिझ्झे आले. प्रत्येकाचे आठ तुकडे आधींच कापलेले. आणणाऱ्या पोरानें ते मधोमध ठेवले व तो निघून गेला. वहिनी संवयीनें वाढावयास उठूं लागल्या. पण मागें भिंत, शेजारीं आम्ही, आणि वाढावयास कांहीं उरलेंच नव्हतें. त्या क्षणभर उभ्या राहिल्या आणि पुन्हां बसल्या. काकूंनीं नेहमींचें वाक्य उच्चारलें. नातवानें एक तुकडा उचलून त्यांच्या कागदी ताटलींत ठेवला व म्हणाला, "आजी, हें गार झालं कीं चामड्यासारखं लागतं. आतांच खा."

काकूंनीं खाल्लें. बराच वेळ चावून निकाल दिला, "मैद्याचं धपाटं आहे रे हें. ज्वारीचं केलं असतं तर पोटांत तरी राहिलं असतं." वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं दुसरा तुकडा आपल्या हातानें घेतला, आणि चीजची तार तुटेना तेव्हां हंसल्या. लग्नाला २६ वर्षें झालेल्या या बाईस वाफाळणारा घांस सर्वांच्या बरोबरीनें खातांना आम्ही प्रथमच पाहत होतों, आणि तेंही परक्या गांवीं, परक्या अन्नावर.

आपल्या समाजांत पंगतीवरून वाद कमी झाले नाहींत. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें मंडळींपुढें चहा आला, त्याचें ग्रामण्य झालें, आणि लोकमान्य टिळक व न्यायमूर्ति रानडे यांच्यासारख्यांपुढें प्रायश्चित्ताचा प्रश्न येऊन ठाकला. चहा कोणाच्या हातचा, यावर पुण्यानें एवढा काथ्याकूट केला. घरांत चहा करणारी स्वतः केव्हां पिते, हें त्या वादांत कोणी विचारल्याचें आमच्या वाचनांत नाहीं. आम्हां नांदेडकरांस तर दूर जाण्याचेंही कारण नव्हतें. गुरु गोविंदसिंगांचें देहावसान १७०८ सालीं आमच्याच गांवीं झालें. तेथील गुरुद्वारांच्या लंगरांत बायकापुरुष, राव-रंक एका रांगेंत जमिनीवर बसून जेवतात, आणि त्या रांगेस शीखही पंगत असेंच म्हणतात. आम्ही तेथें अनेकदां जेवलों, तृप्त होऊन घरीं आलों, आणि घरचा क्रम होता तसाच चालूं ठेवला.

म्हणून पिझ्झ्याच्या दुकानास आम्ही सुधारणेचें मंदिर ठरवितों असें मात्र नव्हे. आठ माणसांचें जें बिल झालें त्यांत घरचा चार दिवसांचा भाजीपाला आला असता. शिवाय शेवटची पंगत तेथेंही आहेच, फक्त ती आपणांस दिसत नाहीं. टेबल पुसावयास तोच पोरगा आला तेव्हां काकूंनीं त्याला विचारलें, "बाळा, तूं केव्हां जेवतोस?" तो म्हणाला, "दुकान बंद झाल्यावर, आजी. साडेअकरा-बारा होतात." तो दिवसां महाविद्यालयांत शिकतो असेंही त्यानें सांगितलें. काकूंनीं नातवाकडे एकदां पाहिलें, आणि दशम्यांची पुरचुंडी त्या पोराच्या हातीं दिली. पेल्यांत उरलेलें पाणीही त्यांनीं आम्हांकडून संपवून घेतलें. २०१६ सालीं याच लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें होतें, हें त्या विसरलेल्या नाहींत.

नांदेडास परतल्यावर चार दिवसांनीं वहिनींनीं सगळ्या पोळ्या आधींच करून डबा टेबलावर आणून ठेवला, आणि स्वतः खुर्ची ओढून बसल्या. तेव्हांपासून रात्रीचें जेवण तसेंच चाललें आहे. बंधूंस तें मानवलेलें नाहीं. पोळी निवते, अशी त्यांची रोजची तक्रार असते. परवां ती जरा मोठ्यानें झाली, तेव्हां वहिनी पानावरून न उठतां म्हणाल्या, "तवा ओट्यावरच आहे. गरम हवी असेल तर शेकून घ्या, आणि माझीही एक आणा." बंधु उठले नाहींत. काकूंनीं मात्र आपलें ताट पुढें ओढलें आणि भातावर वरण वाढून घेतलें.