झालं असेल, झालेलं असेल

डिसेंबरातली संध्याकाळ. क्लायंट इंग्लंडमधला, त्यांच्याकडे दुपार. दुसऱ्या दिवशी त्यांच्या सकाळी सहाला, म्हणजे आपल्या साडेअकराला, डेटाबेसचं मायग्रेशन सुरू व्हायचं होतं. त्याआधी रात्रभर चालणारा बॅकअप पूर्ण होणं गरजेचं. कॉलवर पलीकडून प्रश्न आला, 'विल द बॅकअप हॅव फिनिश्ड बाय सिक्स?'

तो रोज पहाटेच संपायचा. मी मनात म्हटलं, 'हो, झाला असेल.' आणि तोंडाने म्हटलं, 'यस, इट विल हॅव फिनिश्ड.'

त्या रात्री बॅकअप नेमका मधेच अडकला. आमच्याकडे कुणी पाहिलं नाही. त्यांच्याकडेही पाहिलं नाही, कारण मी शब्द दिला होता. मायग्रेशन सुरू झालं, अर्ध्यात फाटलं आणि मागे जायला धड बॅकअप नाही. सगळं निस्तरायला रात्र झाली. मग लीडने मला बाजूला घेऊन विचारलं, 'तू होईलच असं ठामपणे का सांगितलंस?'

मी ठामपणे सांगितलंच नव्हतं! मी अंदाज सांगितला होता. पण हे त्याला समजावून सांगायला मला त्या दिवशी ना इंग्रजी पुरलं ना मराठी.

शाळेत आम्हाला हा काळ एका सूत्रात शिकवला होता: विल अधिक हॅव अधिक क्रियापदाचं तिसरं रूप. सांगोला तालुक्यातली मराठी माध्यमाची शाळा. गो-वेन्ट-गॉन, ईट-एट-ईटन असं पाढ्यांसारखं कोरसमध्ये म्हणायचो. 'काळ बदला' हा हक्काचे मार्क देणारा प्रश्न. पूर्ण भविष्यकाळाचं उदाहरण म्हणून 'त्याने काम केले असेल' असं वहीत उतरवून घेतलं आणि विषय संपला. पुढे इंजिनिअरिंगची चार वर्षं इंग्रजी पुस्तकं वाचली, पण हा काळ वापरायची वेळ कधी आलीच नाही. 'विल डू', 'विल कम्प्लीट' यावर अख्खं करिअर काढता येतं. माझ्या टीममधले बहुतेक जण काढतायतही.

घोळ वहीतल्या त्या उदाहरणात होता. 'त्याने काम केले असेल' हे बोलताना आपण भविष्याबद्दल बोलतच नाही. रात्री दहाला आईचा फोन येतो, 'जेवली असशील ना?' तेव्हा ती झालेल्या गोष्टीचा अंदाज करत असते (बहुतेकदा चुकीचा, दहाला मी कुठली जेवते). 'बस पोचली असेल', 'पाऊस पडून गेला असेल', 'विसरला असेल गं'. रूप भविष्यातलं, गोष्ट होऊन गेलेली आणि खात्री कशाचीच नाही. इंग्रजीतही 'विल हॅव' असा अंदाजासाठी वापरतात म्हणा. पण पुढे 'बाय सिक्स' जोडलं आणि ते सहा वाजायचे असले की ऐकणारा त्यावर घड्याळ लावतो.

मग मराठीत ती दुसरी गोष्ट म्हणायचीच नाही का? म्हणतो की. 'तू येशील तेव्हा स्वयंपाक झालेला असेल.' झाला नव्हे, झालेला. एका 'लेला'चा फरक. 'झाला असेल' म्हणणारी बाई गॅसपासून लांब कुठेतरी बसलीय आणि 'झालेला असेल' म्हणणारीने कणीक भिजवायला घेतलीय. ही तफावत मला सत्ताविसाव्या वर्षी, क्लायंटच्या शिव्या खाल्ल्यावर कळली. शिव्या म्हणजे अत्यंत सभ्य ईमेल. ते जास्त लागतं.

आणि घाईत असलो की आपण भविष्यकाळाच्या भानगडीतच पडत नाही. 'आलेच दोन मिनिटांत!' हे मी अंथरुणातून म्हणते. 'चहा आणलाच साहेब', 'मेलास तू आता'. जे अजून व्हायचंय ते सरळ भूतकाळात टाकून मोकळे. स्टँडअपमध्ये 'झालंच समज' म्हणणाऱ्यांवर मी तेव्हापासून विश्वास ठेवत नाही.

त्या प्रकारानंतर ऑफिसने आम्हा काही जणांना इंग्रजीचा ऑनलाइन क्लास लावला. अपमान वाटला, पण गेले. त्याच सुमारास त्याच क्लायंटकडे दोन वर्षं जायचं माझं नाव पक्कं झालं, हा एक विनोदच. क्लासच्या बाईंना ते कळल्यावर त्यांनी मला गृहपाठ दिला: 'बाय द टाइम आय कम बॅक' ने सुरू होणारी पाच वाक्यं, सोमवारपर्यंत.

चार पटापट झाली. मी परत येईन तोवर भावाचं शिक्षण संपलेलं असेल. हिंजवडीची मेट्रो सुरू झालेली असेल (यावर बाईंनी हसण्याची इमोजी टाकली). मी एज्युकेशन लोन फेडलेलं असेल. माझ्या सगळ्या मैत्रिणींची लग्नं झालेली असतील. पाचव्याला लिहिलं, 'बाय द टाइम आय कम बॅक, माय ग्रँडमदर विल हॅव' आणि तिथे हात थांबला. तिसरं रूप हवं होतं. एकच सुचत होतं आणि ते मला टाइप करायचं नव्हतं.

शनिवारी गावी गेले. आजी सोप्यात ज्वारी निवडत बसली होती. मी शेजारी बसून खडे काढायला लागले. इंग्लंड किती लांब, तिथे भाकरी मिळते का, हे सगळं विचारून झालं. मग सुपावरची नजर न काढता ती म्हणाली, 'तू येस्तवर मी गेलेली असंन बघ.'

गेली असंन नव्हे. गेलेली.

मी म्हटलं, 'काहीतरीच बोलू नकोस.' तिने माझ्या बाजूच्या ढिगातला एक खडा उचलून मला दाखवला, 'हे काय ठेवलंस?' आणि मग त्या विषयावर ती बोललीच नाही.

रविवारी निघताना नेहमीसारखं 'येते गं' म्हटलं. ती 'ये' म्हणाली आणि डाळिंबांची पिशवी विसरले म्हणून मागून ओरडली.

सोमवारी पाचवं वाक्य पाठवलं: 'माय ग्रँडमदर विल हॅव टर्न्ड एटी-फाइव्ह.' बाईंनी बरोबरची खूण केली आणि खाली लिहिलं की इथे 'विल बी एटी-फाइव्ह' जास्त सोपं आणि सहज वाटेल, बदलून पाहा.

मी बदललं नाही.