गेलेल्याची बाग

माणगंगेच्या खोऱ्यात आणि त्याच्या आजूबाजूला, माणदेश म्हणवणाऱ्या, म्हसवडपासून आटपाडी-विट्यापर्यंतच्या टापूत, अशी अनेक घरे आहेत की ज्यांच्या एखाद्या दिवंगत कर्त्या पुरुषाची आठवण दोन मुलखांत वाटली गेलेली असते. अर्धी त्याने जिथे पोट भरले त्या परक्या शहराच्या सराफी गल्लीत, आणि अर्धी त्याने परत येऊन उभ्या केलेल्या द्राक्षाच्या मांडवाखाली. घरच्यांना यातली दुसरी अर्धी आठवण ठाऊक असते, पहिलीबद्दल त्यांच्याजवळ एखाददुसरा फोटो आणि न समजणाऱ्या भाषेतली काही वाक्ये एवढाच ऐवज असतो. या पुरुषाचे स्मरण करायचे तर आधी त्याला घालवून देणाऱ्या आभाळाचा विचार करावा लागतो.

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, म्हणजे डोंगराने ढग अडवल्यावर पलीकडे उरणाऱ्या कोरड्या पट्ट्यात, म्हसवडच्या वाट्याला त्याचा जेमतेम दहावा हिस्सा येतो. कुळकजाईच्या डोंगरात उगम पावणारी माण नदी, म्हणजेच माणगंगा, सातारा, सांगली आणि सोलापूर असे तीन जिल्हे ओलांडून पंढरपुराजवळ भीमेला मिळते खरी, पण वर्षातले कितीतरी महिने तिचे पात्र वाळूचेच असते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज सरकारने दुष्काळी कामावर मजूर लावून या नदीवर राजेवाडीचा मोठा तलाव बांधला, तेव्हापासून पाण्यासाठी काहीतरी होणार ही आशा या भागात पिढ्यान्‌पिढ्या जागती राहिली; पोट मात्र आशेवर भरत नाही, म्हणून माणसे निघत राहिली. मेंढपाळ कळप घेऊन निघाले, म्हसवडी खिल्लार बैलांची जोडी विकून कोणी मुंबईच्या गिरण्यांत शिरले, कोणी माथाडी झाले. व्यंकटेश माडगूळकर याच मुलखातल्या माडगुळ्याचे, आणि त्यांच्या ‘बनगरवाडी’च्या शेवटी दुष्काळाने गाव पांगते, ही गोष्ट मराठी वाचकाला कादंबरीतून कळली, माणदेशी वाचकाला ती आधीच माहीत होती.

या पांगण्यातला सर्वांत विलक्षण धंदा गलाईचा. सोनाराच्या दुकानात मोडीला आलेले, तांबे-चांदी मिसळलेले सोने मुशीत, म्हणजे तीव्र उष्णता सोसणाऱ्या मातीच्या भांड्यात वितळवायचे, तेजाबात उकळून त्यातला हीण धातू विरघळवायचा आणि मागे उरलेले शुद्ध सोने पुन्हा आटवून त्याची लगड करायची, हे गलाईचे काम. खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, माण, खटाव या दुष्काळी तालुक्यांतील शेतकऱ्यांच्या पोरांनी ते उचलले आणि दक्षिणेत तमिळनाडू-केरळपासून पूर्वेत बंगाल-आसामपर्यंत, जिथे सराफ बाजार तिथे एक माणदेशी भट्टी, असे जाळे विणले. एकाने गावातल्या दोघांना न्यायचे, त्या दोघांनी भाच्या-पुतण्यांना बोलवायचे, असा हा विस्तार झाला. धुराने छाती भरून येणारी ती कोंदट खोली, तमिळ किंवा मल्याळममधून चाललेला हिशेब आणि वर्षातून एकदा, मार्गशीर्षात म्हसवडच्या सिद्धनाथाच्या रथयात्रेला किंवा गावच्या जत्रेला झालेली घरवापसी, एवढ्या तीन गोष्टींत त्या पिढीचे चरित्र बरेचसे मावते. ज्याच्या स्वतःच्या रानात कुसळ उगवायची मारामार, तो दुसऱ्याच्या सोन्याचा कस लावीत होता, यातला विनोद त्या लोकांना स्वतःला पुरेपूर कळत असे.

असाच माणूस पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूलाही होऊन गेला आणि त्याच्याशी ताडून पाहिल्याशिवाय माणदेशी पुरुषाची रेषा नीट उमटत नाही. क्रोएशियाचा दाल्मेशिया नावाचा किनारी प्रांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता. चुनखडीचे उघडे डोंगर, दगड वेचून रचलेले बांध आणि त्यांच्या आडोशाला धरलेल्या द्राक्षवेली, असा तो मुलूख. फ्रान्सच्या बागा फायलॉक्सेरा या मुळांतला रस शोषणाऱ्या, अमेरिकेतून आलेल्या किडीने उद्ध्वस्त केल्या तेव्हा दाल्मेशियाच्या वाइनला सोन्याचा भाव आला आणि लोकांनी मिळेल त्या कपारीत वेल लावले. मग १८९१ मध्ये साम्राज्याने इटलीशी केलेल्या व्यापार करारात स्वस्त इटालियन वाइनला दार उघडे करून दिले, त्याच दशकात ती कीड दाल्मेशियातही पोचली, आणि ज्यांनी सगळा जीव एकाच वेलात गुंतवला होता त्यांची पोरे जहाजांवर चढली. त्यांतली काही न्यूझीलंडच्या उत्तर भागात उतरली. तिथल्या दलदलीत कौरी नावाच्या प्रचंड वृक्षांचा हजारो वर्षांपूर्वी गाडला गेलेला डिंक सापडत असे, त्याचे व्हार्निश होई. तो लांब सळईने चाचपायचा, कुदळीने उकरायचा आणि खरवडून विकायचा, हे काम या पोरांनी धरले. इंग्रज वसाहतवाल्यांना ती स्पर्धा सोसेना आणि १८९८ च्या कायद्याने डिंकाच्या जमिनींचा मोठा भाग ब्रिटिश प्रजाजनांसाठी राखून ठेवण्यात आला. तरीही माणसे येत राहिली. योसिप बाबिच हा असाच एक मुलगा १९१० मध्ये कोवळ्या वयात भावांकडे गेला, डिंक खणता खणता त्याने वेल लावले, १९१६ मध्ये पहिली वाइन केली आणि १९१९ मध्ये ऑकलंडजवळच्या हेंडरसन खोऱ्यात जाऊन बाग वसवली. नोबिलो, फिस्टोनिच, ब्राजकोविच ही पुढे न्यूझीलंडच्या वाइन व्यवसायात मोठी झालेली नावे त्याच किनाऱ्यावरून आलेली आहेत. डिंक संपल्यावर जी निकृष्ट चिकणमाती कोणालाच नको होती, तिच्यावर यांपैकी कित्येकांनी घरे आणि बागा उभ्या केल्या.

दोघांत फरक एका गोष्टीचा आणि तो मूलभूत आहे. दाल्मेशियाचा माणूस गेला तिथेच रुजला. माणदेशी माणसाने पैसा तिकडे केला आणि मुळे इकडे लावली. याचे श्रेय मातृभूमीच्या प्रेमाला देण्याची घाई करू नये. जहाजाचे परतीचे भाडे आणि रेल्वेचे तिकीट यांत जमीन-अस्मानाचे अंतर होते, शिवाय सराफी गल्लीत भट्टीपुरती भाड्याची जागा मिळे, शेतजमीन मिळत नसे. गावाकडे वडिलार्जित पडीक माळ होता, भावकी होती, कुलदैवत होते, आणि भावकीच्या डोळ्यांदेखत ओलिताखाली आणलेल्या एकराला जी प्रतिष्ठा असते ती परगावच्या बँकेतल्या शिलकीला कधीच येत नाही. म्हणून गलाईवाल्याने विहीर पाडली, मग बोअर घेतले, पाणी न लागल्याने पुन्हा घेतले, आणि शेवटी पाणी पुरेल असे पीक शोधत द्राक्षाकडे आला.

द्राक्षच का, याचे उत्तर या मुलखाच्या शापातच दडलेले आहे. केवडा म्हणजे डावणी हा बुरशीजन्य रोग द्राक्षाचा वैरी. तो दमट हवेत, पानावर पाणी साचून राहिले की फोफावतो. ज्या कोरडेपणाने माणसे देशोधडीला लावली, तोच कोरडेपणा द्राक्षाच्या घडाला मानवतो, फक्त मुळाशी हिशेबाने पाणी द्यावे लागते, आणि ठिबक सिंचनाने तो हिशेब थेंबापर्यंत नेला. तासगाव तालुक्यात हे शास्त्र विशेष फळले. बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉम्पसन सीडलेस जातीतून निवडलेली ‘तास-ए-गणेश’ ही बिनबियांची जात आणि सोलापूरजवळच्या नान्नजचे नानासाहेब काळे यांची लांब मण्यांची ‘सोनाका’, या दोन्ही जाती शेतकऱ्यांनी आपल्या बागेत डोळस निरीक्षणातून काढल्या. ज्या थॉम्पसनच्या नावाने मूळ जात ओळखली जाते तोही कॅलिफोर्नियात स्थलांतर केलेला एक इंग्रज शेतकरी होता, आणि वेल तर त्याच्याही आधी पश्चिम आशियातून निघालेला. पुढे खारवट पाणी आणि टंचाई यांवर उपाय म्हणून महाराष्ट्राने ‘डॉगरिज’ हा खुंट, म्हणजे जमिनीत राहणारा आणि वर दुसऱ्या जातीचे कलम पेलणारा मुळाचा भाग, स्वीकारला. तो टेक्सासमधल्या रानवेलीतून निवडलेला. फायलॉक्सेराने उजाडलेला युरोपही अशाच अमेरिकी खुंटांवर कलमे करून पुन्हा उभा राहिला होता. मांडवाखाली बसणाऱ्या म्हाताऱ्याला हा इतिहास ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण परक्या मुळावर आपले फळ धरता येते हे त्याला कोणी समजावून सांगावे लागले नसते.

आता प्रश्न वाइनचा. महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले, नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क उभारले. नाशिकने त्यातून नाव कमावले. सांगलीकडे त्या मानाने वाइन रुजली नाही. वाइनची द्राक्षे लहान, बियांची, जाड सालीची असतात, ती बाजारात खायला चालत नाहीत, म्हणजे कारखान्याने पाठ फिरवली की शेतकऱ्याच्या हाती काहीच उरत नाही. हे कारण व्यवहाराचे झाले. दुसरे कारण असे की ज्याच्या गळ्यात तुळशीची माळ आहे आणि ज्याच्या गावची नदी पंढरीच्या दिशेने वाहते, त्याला आपल्या बागेचा शेवट बाटलीत व्हावा हे रुचत नव्हते. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला तेव्हा राज्यभर उठलेला गदारोळ याच वृत्तीची साक्ष देतो. त्यात हसण्यासारखे काही नाही. बाबिच हेंडरसनला आला त्याच १९१९ मध्ये न्यूझीलंडमध्ये संपूर्ण दारूबंदीसाठी मतदान झाले, आणि परदेशी असलेल्या सैनिकांची मते मोजली गेली नसती तर ती बंदी लागूही झाली असती. दाल्मेशियन माणसाच्या वाइनला तिथे दीर्घकाळ हेटाळणीच मिळाली.

सांगली-सोलापूरच्या सीमेवरच्या लोकांनी द्राक्ष टिकवण्याचा वेगळा मार्ग काढला, तो बेदाण्याचा. पोटॅशियम कार्बोनेट आणि ज्याला सगळे ‘डिपिंग ऑइल’ म्हणतात ते इथाइल ओलिएट पाण्यात मिसळायचे, त्यात घड बुडवून काढायचे, म्हणजे मण्यावरचा मेणचट थर सुटून आतले पाणी लवकर उडते. मग जाळीच्या थरांच्या शेडमध्ये, ज्याला रॅक म्हणतात, सावलीत पसरून ठेवायचे. पंधरवड्याच्या आत सुमारे चार किलो द्राक्षांचा एक किलो हिरवट-पिवळा बेदाणा होतो. नागज, जुनोनी या भागातले माळ यासाठी निवडले गेले, कारण तिथे दुसरे काही पिकत नसले तरी माघ-फाल्गुनातले वारे कोरडे ठणठणीत असतात. हा बेदाणा उपासाला चालतो, शिऱ्यात पडतो, प्रसादात जातो, आणि तासगाव-सांगलीच्या सौद्यांत त्याची बोली लागते. एका परीने हीच या मुलखाची वाइन.

स्मरणाच्या दृष्टीने मात्र बाटली बेदाण्यापेक्षा सरस ठरते, हे मान्य केले पाहिजे. दाल्मेशियातल्या देस्ने गावात १९२३ मध्ये जन्मलेला मिल्येन्को ग्र्गिच १९५८ मध्ये कॅलिफोर्नियात पोचला. त्याने केलेली १९७३ ची शार्दोने ही पांढरी वाइन १९७६ मध्ये पॅरिसच्या परीक्षणात फ्रेंच वाइनच्या वरचढ ठरली, पुढच्याच वर्षी त्याने स्वतःच्या नावाची वाइनरी काढली, आणि २०२३ मध्ये शंभरी गाठून तो गेला तेव्हा त्याचे आडनाव जगभरच्या फडताळांवर होते. कॅलिफोर्नियाचे लाडके झिनफांदेल हे काळे द्राक्ष दाल्मेशियाच्याच एका जवळजवळ विसरलेल्या जातीचे असल्याचे २००१ मध्ये जनुकीय तपासणीने सिद्ध झाले, तेव्हा तर माणसाआधी वेलच परदेशी गेला होता असे निघाले. बेदाण्याच्या खोक्यावर व्यापाऱ्याचा छाप असतो, पिकवणाऱ्याचे नाव नसते. त्याचे नाव असते ते सातबाऱ्यावर, म्हणजे जमिनीचा धारक आणि तिच्यातले पीक नोंदवणाऱ्या सरकारी उताऱ्यावर. माणूस गेला की तलाठी वारसांची नोंद घालतो आणि त्याच्या नावाला कंस करतो. पीकपाहणीच्या रकान्यात ‘द्राक्ष’ तसेच राहते.

तेही आता किती वर्षे राहील, याची शाश्वती कमी झाली आहे. टेंभू उपसा सिंचन योजनेने कृष्णेचे पाणी कऱ्हाडजवळून उचलून आटपाडी-सांगोल्यापर्यंत आणले, त्यामागे पाणी चळवळीचे नेते नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पाणी परिषदांचा रेटा होता. पण पाणी येता येता आभाळही बदलले. ऑक्टोबरातली फळछाटणी, म्हणजे घड धरण्यासाठी काड्या कापण्याचे काम, उरकली की पाठोपाठ अवकाळी पाऊस येऊ लागला, आणि जो डावणी या मुलखात पाहुण्यासारखा येई तो मुक्कामाला राहू लागला. काही बागांवर कुऱ्हाड पडली. काही घरांतली नातवंडे पुन्हा आजोबांच्या शहरात भट्टीवर गेली आहेत आणि औषध कधी मारायचे हे तिथून फोनवर विचारतात. बागेत प्रत्यक्ष विरळणी करणारे, म्हणजे दाटलेल्या घडातले मणी कात्रीने कमी करणारे हात अलीकडे पुष्कळदा बिहारहून आलेल्या मजुरांचे असतात. ते मुकादमाबरोबर टोळीने येतात, शेडमध्ये राहतात, मोडकी मराठी बोलतात, सणाला गावी जाऊन परत येतात. आणि त्यांच्यातला एखादा चुणचुणीत पोरगा कलम कसे बांधतात, खुंट कुठून मिळतो, एकरी खर्च किती येतो हे बागाईतदाराला खोदून खोदून विचारीत असतो.