थांब्यांचा रस्ता

गणपतीला गावी जायचं का, हा प्रश्न मालवणकडच्या घरात कुणी विचारत नाही. विचार करायचा तो कसं जायचं याचा. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं आणि गणपतीच्या गाड्या काही मिनिटांत भरतात. डोंबिवलीतल्या अशाच एका घरात तिकिटं मिळाली नाहीत, तेव्हा स्वतःची गाडी काढायचं ठरलं. नवरा-बायको, सासूबाई आणि साडेतीन वर्षांची लेक. नवऱ्याने मोबाइलवर रस्ता बघितला. बायकोने जुनी वही घेतली आणि त्यात पेण, महाड, चिपळूण, हातखंबा, राजापूर, कणकवली अशी नावं एकाखाली एक लिहिली. प्रत्येक नावापुढे मोकळी जागा ठेवली. तिथे उतरायला काय आहे, सावली आहे का, स्वच्छ संडास आहे का, हे विचारून भरायचं होतं.

मुंबई ते मालवण या वाटेची तिची ओळख थांब्यांमधूनच झालेली आहे. किलोमीटरचे दगड तिला आठवत नाहीत. कुठे उतरलो, काय खाल्लं आणि आई कुठे उतरली नाही, ते मात्र आठवतं.

तिच्या आजीच्या वेळी ही वाट समुद्रावरून जायची. भाऊच्या धक्क्यावर बोटीत बसायचं आणि रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड करत मालवणला यायचं. बोट किनाऱ्यापासून लांब उभी राहायची आणि माणसं मचव्यातून काठावर यायची. कडेवर पोर आणि डोक्यावर बोचकं घेऊन बोटीतून मचव्यात उतरणं हा आजीच्या आठवणींतला सगळ्यात अवघड भाग होता. पावसाळ्यात बोटी बंद असत.

तिच्या स्वतःच्या लहानपणी, नव्वदच्या दशकात, एसटी होती. परळहून संध्याकाळी निघालेली लाल गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी मालवणला पोचायची. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, पाच ते बारापर्यंत अर्धं. तिकीट नसलेलं मूल मांडीवर, हे ओघानेच आलं. वडखळ, महाड, चिपळूण असे थांबे असत. गाडी स्थानकात वळली की अर्धझोपेतल्या बाया उठून बसत, कंडक्टर किती मिनिटं थांबणार ते ओरडून सांगे, आणि पुरुष चहाकडे धावत. आई मात्र जागची हलायची नाही. संध्याकाळी चारनंतर ती पाण्याचा घोटही घ्यायची नाही. स्थानकातली मुतारी कशी असते हे तिला माहीत होतं, आणि रात्री दोन वाजता अंधारात मुलीला एकटं सीटवर सोडून जाणं तिला शक्य नव्हतं. त्या गाडीतल्या कितीतरी बायका अशाच तोंड बांधल्यासारख्या रात्रभर बसून असत. हे दुःख इतकं सर्वांचं होतं की त्याचा कुणी उल्लेखही करत नसे.

कशेडी घाटात तिला स्वतःला गाडी लागायची. पोलादपूर सुटलं की वळणं सुरू होत आणि पोटात ढवळून येई. निघताना गावची आजी नेमाने सांगायची, "पोटात कायतरी आसांदे गो, मगे गाडी लागाची नाय." हातात आलेपाक किंवा लिंबू असे आणि खिडकीची जागा मिळवण्यासाठी आई शेजाऱ्याची विनवणी करी. आजीचं म्हणणं आज डॉक्टरही मान्य करतात. रिकामं पोट आणि जड जेवण, दोन्ही वाईट. कानाच्या आतलं तोल सांभाळणारं इंद्रिय सांगतं की शरीर हलतंय, डोळे मात्र समोरच्या सीटच्या पाठीवर खिळलेले असतात आणि काहीच हलत नाही असं सांगतात. या दोन निरोपांचा मेळ बसत नाही, म्हणून मळमळ. दोन वर्षांखालच्या बाळांना हा त्रास फारसा होत नाही. तो खरा सुरू होतो त्यानंतर आणि शाळेच्या वयात सर्वाधिक असतो. खिडकीतून लांबचा डोंगर बघत राहणं हा एसटीतल्या बायांनी शोधलेला उपाय त्यामुळे अगदी बरोबर होता.

२६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे रोह्यापासून मंगळुरूपर्यंत सलग धावू लागली आणि त्यांच्या घराने रस्ता सोडला. पुढची बरीच वर्षं कणकवली किंवा कुडाळ स्टेशन हाच गावाचा दरवाजा झाला. रेल्वेच्या पहिल्या प्रवासात आईने पाण्याची बाटली उघडली आणि रात्रभर मनसोक्त पाणी प्यायली. डब्यात संडास होता, त्यापलीकडे कारण नव्हतं. बोगदे, उंच पूल, सह्याद्रीच्या पोटातून जाणारी गाडी हे सगळं नंतर. तिला त्या रेल्वेचं मोठेपण आजही आधी आईच्या त्या बाटलीवरून कळतं.

नोकरी लागल्यावर ती पुन्हा रस्त्यावर आली, खासगी बसमधून. तोवर महामार्ग क्रमांक १७ चा ६६ झाला होता. २०११ मध्ये पनवेल ते इंदापूर चौपदरीकरण सुरू झालं आणि ते अनेक वर्षं रखडलं, हे कोकणात जाणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहे. मग २ ऑगस्ट २०१६ ची रात्र आली. महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी गाड्या प्रवाशांसकट वाहून गेल्या. त्या पुलावरून ती लहानपणापासून झोपेत गेलेली होती. नवा पूल १६५ दिवसांत बांधून जून २०१७ मध्ये खुला झाला. मनात आणलं तर या रस्त्यावर काम किती लवकर होऊ शकतं, हेही त्या पुलाने दाखवलं. त्या रात्रीनंतर तिच्या घरात एक नियम झाला: भर पावसात रात्रीचा प्रवास करायचा नाही. गणपती भाद्रपदात येतात, म्हणजे पाऊस असणारच. यंदाचा बेत याच नियमापासून सुरू झाला.

रात्री निघावं म्हणजे मूल झोपून राहतं, असं नातेवाइकांतले निम्मे सांगतात. मूल झोपतं हे खरं, पण पहाटे दोन ते पाच या वेळात गाडी चालवणाऱ्याचेही डोळे मिटू लागतात, आणि ओल्या रस्त्यावर खड्डा दिसायला उजेड लागतो. म्हणून पहाटे पाचनंतरच निघायचं ठरलं. लेकीला झोपेतच उचलून गाडीत ठेवायचं. पेणपर्यंत ती झोपेल, तोवर उजाडेल.

खरा वाद झाला तो लेकीच्या आसनावरून. मुलांसाठीची वेगळी खुर्ची, म्हणजे कार सीट, घरात होती. सासूबाईंचं म्हणणं होतं की इतक्या लांबच्या प्रवासात पोर बांधून ठेवणं बरं नव्हे. "मांडीवर घेते की मी. माझ्या चारही पोरांना मांडीवरच नेलंय." त्या मायेला उत्तर द्यायचं तर हिशोब मांडूनच द्यावा लागतो. गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने कशावर तरी धडकली आणि पुढचा भाग अर्धा मीटर चेपून थांबली, तर आतल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या साधारण वीसपट जोर येतो. बारा किलोचं मूल त्या क्षणी जवळजवळ अडीचशे किलोचं ओझं होतं. कुठल्याही आजीचे हात, कितीही प्रेमाचे असले तरी, ते धरून ठेवू शकत नाहीत. एसटीचा वेग आणि तेव्हाचा रस्ता वेगळा होता. आज चौपदरी पट्ट्यांवर गाड्या शंभरीला टेकतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब नुसार चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याने किंवा त्याच्यासाठीच्या आसनात सुरक्षित बांधलेलं नसेल तर एक हजार रुपये दंड आहे. सासूबाईंना दंडाचं काही वाटलं नाही. अडीचशे किलोचं वाटलं. त्या मागे नातीच्या शेजारी बसायला तयार झाल्या, आणि तीच सर्वांत चांगली जागा होती, कारण तिथून नातीचा हात धरता येतो.

पण खुर्चीत बांधलेल्या मुलाला तिथे तासन्‌तास ठेवता येत नाही. दर दोन तासांनी तरी बाहेर काढून पाय मोकळे करू द्यावे लागतात. नकाशा नऊ-दहा तास सांगतो. त्यात अर्ध्या-अर्ध्या तासाचे चार-पाच थांबे, शिवाय गणपतीची गर्दी. एका दिवसात हे बसत नाही, म्हणून मधली रात्र चिपळूणला. जवळजवळ अर्ध्या वाटेवरचं गाव, राहायला सोय, जवळ दवाखाने. दुसऱ्या दिवशी सकाळी सावर्ड्याजवळ डेरवणची शिवसृष्टी दाखवायची, म्हणजे लेकीलाही त्या प्रवासातून काही मिळेल.

वहीतल्या मोकळ्या जागा मग एकेक करून भरू लागल्या. पेणला न्याहारी. महाडला एसटी स्थानक, कारण तिथे हिरकणी कक्ष असायला हवा, बाळांना पाजण्यासाठीची स्वतंत्र खोली. रायगड महाडपासून पंचवीसेक किलोमीटरवर आहे. किल्ल्याचे दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्या बाळाच्या ओढीने कडा उतरून गेलेल्या हिरकणी गवळणीची गोष्ट याच डोंगराची, आणि तिच्या नावाचा बुरूज आजही तिथे आहे. बाळापर्यंत पोचण्यासाठी आईला कडा उतरावा लागू नये म्हणून एसटीने तिच्या नावाने खोली काढली, हे तिला फार योग्य वाटतं. त्या खोलीला आतून कडी आहे का आणि पंखा चालतो का, हे मात्र महाडच्या मावसबहिणीला फोन करून विचारून घेतलं. अशी चौकशी करायलाच हवी.

कशेडीत आता घाट चढायचा नाही. डोंगरातून बोगदा झाला आहे. त्याची एक बाजू २०२३ च्या गणपतीत उघडली होती. घाटात अर्धा-पाऊण तास जायचा, तिथे बोगदा काही मिनिटांत संपतो, आणि तिच्या लेकीला त्या वळणांवर गाडी लागणार नाही. रस्त्याने मुलांसाठी केलेली ही सर्वांत मोठी गोष्ट. परशुराम घाट अजून आहे, त्याची तयारी वेगळी: घाटाआधी मोबाइल आणि चित्रांचं पुस्तक काढून घ्यायचं, काच थोडी खाली, आणि बाहेरचे जेसीबी मोजायचे. रखडलेल्या कामामुळे जेसीबी भरपूर दिसतात आणि साडेतीन वर्षांच्या मुलीसाठी त्याहून मोठा तमाशा नाही. मळमळीचं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायचं नाही, हेही वहीत ठळक लिहिलेलं.

खाण्याची पिशवी सासूबाईंची. दुधात भिजवलेल्या दशम्या, मऊ भात आणि मेतकूट, नाचणीचं सत्त्व, लाह्या, केळी. ओआरएसची पाकिटं; एक लिटरचं पाकीट एका लिटर पाण्यातच घालायचं, अर्ध्या पेल्यात नाही. डिकीत दोन जोड कपडे, प्लास्टिकच्या पिशव्या, जुने टॉवेल आणि लेकीची छोटी पॉटी. डायपर नुकताच सुटला आहे आणि "शू आली" म्हटल्यापासून हातात दोन मिनिटं असतात. आणखी एक गोष्ट तिने नवऱ्याला दोनदा सांगितली: चहासाठी उतरलो तरी मूल बंद गाडीत ठेवायचं नाही. उन्हात उभ्या बंद गाडीतलं तापमान दहा मिनिटांत साधारण दहा अंशांनी चढतं, आणि लहान मुलाचं शरीर मोठ्यांपेक्षा फार लवकर तापतं. श्रावण-भाद्रपदातलं ऊन पावसानंतर अचानक कडक होतं.

हातखंब्यानंतरची पानं मात्र भरेनात. लांजा, राजापूर, तळेरे या पट्ट्यात गाडी वेगाने जाते. कणकवलीत तर उड्डाणपुलावरून गाव खालीच राहून जातं. जुन्या एसटीचे थांबे गावातल्या स्थानकांत होते. नवा रस्ता गावांना बाजूला टाकून जातो. राष्ट्रीय महामार्गांवर दर ४० ते ६० किलोमीटरवर प्रवाशांसाठी सोयी असाव्यात असं धोरण आहे. पण या मार्गाचा इंदापूरपर्यंतचा भाग एका यंत्रणेकडे आणि पुढचा राज्याच्या बांधकाम खात्याच्या महामार्ग विभागाकडे आहे, आणि काम पुरं करण्याच्या घाईत सोयींचा नंबर शेवटी लागतो. गणपतीत सरकार जागोजागी सुविधा केंद्रं उभारतं. तिथे चहा, प्रथमोपचार, बसायला जागा मिळते, टोलमाफीही असते. त्या दहा-बारा दिवसांत जे जमतं ते वर्षभर का असू नये, असं तिला मनापासून वाटतं. रस्ता किती पदरी झाला, मुंबईहून किती तासांत पोचता येतं, याची चर्चा सगळीकडे होते. त्या रस्त्यावरून साडेतीन वर्षांची मुलगी आणि सत्तरीची बाई पाणी पिऊन, न घाबरता जाऊ शकतात का, ही चौकशी रस्ता बांधणाऱ्यांनीही करायला हवी.

सासूबाईंना तिने हे पान दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाल्या, "राजापूरला स्थानकाजवळ माझ्या चुलतबहिणीचं घर आहे. तिथे उतरू. तिला आधी कळवून ठेव, म्हणजे ती मऊ भात करून ठेवेल." राजापूरच्या पुढे तिने लगेच ते लिहिलं आणि शेजारी फोन नंबर. तळेऱ्यासाठी नवऱ्याच्या ऑफिसातल्या सहकाऱ्याने पेट्रोल पंप सुचवला, त्याचा संडास बायकांना वापरता येण्यासारखा आहे असं त्याच्या बायकोने सांगितलंय म्हणे. म्हणजे कसालचं वळण घेऊन मालवणच्या रस्त्याला लागेपर्यंत आता दोन तासांहून मोठं अंतर कुठेच राहिलं नाही.

परतीचं पान कोरं आहे. गौरी-गणपती विसर्जनानंतर सगळी मुंबई एकदमच उलटी फिरते, त्यामुळे तळेऱ्याहून गगनबावड्याचा घाट चढून कोल्हापूर आणि तिथून पुण्याच्या महामार्गाने यावं, असा नवऱ्याचा विचार आहे. त्या महामार्गावर उतरण्याच्या सोयी जास्त आहेत. पण घाटाची वळणं आहेत, आणि लेकीला गाडी लागते की नाही हे जाताना परशुराम घाटातच कळेल. त्यानंतर चिपळूणच्या मुक्कामात बसून ते पान भरायचं ठरलं आहे.