‘सूर’च्या व्हिक्टोरियाबाई

सेमिनरीतील दिवसांत ग्रॅहम ग्रीन या इंग्रज कादंबरीकाराच्या पुस्तकांवर आम्हां विद्यार्थ्यांच्या उड्या पडत. धर्मगुरूच्या मनातील पडझड इतक्या निर्भयपणे रंगविणारा दुसरा कॅथलिक लेखक आम्हांला ठाऊक नव्हता. त्यांची १९७३ साली प्रसिद्ध झालेली ‘द ऑनररी कॉन्सल’ मी हाती घेतली ती त्यातील लिऑन रिव्हास या पात्रासाठी. हा याजकपद सोडून क्रांतिकारकांना जाऊन मिळालेला माणूस. अर्पणपत्रिकेत एका स्त्रीचे नाव होते: व्हिक्टोरिया ओकाम्पो. आर्जेन्टिनात त्यांच्या घरी घालविलेल्या दिवसांच्या स्मरणार्थ ग्रीन यांनी ते पुस्तक त्यांना वाहिले होते. मी पान उलटले. त्या वयात अर्पणपत्रिका कोण वाचतो?

पुढे रवीन्द्रनाथांविषयी वाचताना तेच नाव पुन्हा भेटले. आणि तिसऱ्यांदा भेटले तेव्हा मी एक नियतकालिक नुकतेच बंद करून बसलो होतो.

ते फार मोठे नव्हते. माझ्या आधीच्या धर्मग्रामातून निघणारे ते एक त्रैमासिक होते. तीनशे प्रती, त्यांतील निम्म्यांची वर्गणी थकलेली. छपाईचे बिल दर वेळी अर्थसमितीपुढे येई आणि दर वेळी कोणीतरी चष्मा काढून पुशीत म्हणे, “फादर, हे आणखी किती दिवस?” त्या वर्षी सभागृहाचे छप्पर गळत होते. मी ठरावावर सही केली. कोणी रागावले नाही, कोणी रडले नाही. फक्त निवृत्त शिक्षिका असलेल्या एक बाई मिस्सानंतर दाराशी थांबल्या आणि म्हणाल्या, “फादर, माझा रहाटावरचा लेख राहिला ना?” त्यांचा लेख माझ्या खणात होता. ‘पुढील अंकासाठी’ असे मीच त्यावर लाल पेन्सिलीने लिहिले होते.

अशा मनःस्थितीत मी व्हिक्टोरियाबाईंचे चरित्र वाचू लागलो, आणि आरंभी तर त्यांचा रागच आला. ब्वेनोस आयरेस शहरात ७ एप्रिल १८९० रोजी त्यांचा जन्म झाला, तो देशातील अतिश्रीमंत कॅथलिक घराण्यात. सहा बहिणींत त्या थोरल्या. घरी फ्रेंच आणि इंग्रज शिक्षिका येत; त्यामुळे मायबोली स्पॅनिश असूनही बाई प्रथम लिहू लागल्या त्या फ्रेंचमध्ये. इतके हाताशी असल्यावर मासिक कोणीही काढील, असे माझ्या मनात आले. पण पुढे वाचत गेलो तसा हा हेका सैल होत गेला. त्या घराण्यात मुलींनी काय वाचावे याचेही नियम होते. १९१२ साली झालेला विवाह लवकरच विस्कटला. आणि विवाहित स्त्रीला पतीच्या संमतीवाचून स्वतःच्या मालमत्तेचे व्यवहार करू न देणारा आर्जेन्टिनाचा कायदा १९२६ साली बदलेपर्यंत त्यांच्या वयाची छत्तिशी आली होती. पैसा घरात असणे आणि पैसा हातात असणे यांतले अंतर आपल्या वाड्यांतील कितीतरी माउलींना ठाऊक आहे; त्यांना मी ते समजावून सांगण्याची गरज नाही.

रवीन्द्रनाथांची कथा बहुश्रुत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. नोव्हेंबर १९२४मध्ये पेरू देशाकडे निघालेले कवी वाटेत आजारी पडून ब्वेनोस आयरेसला थांबले. फ्रेंच ‘गीतांजली’ वाचून भारावलेल्या व्हिक्टोरियाबाईंनी त्यांच्यासाठी सान इसिद्रो येथे नदीकाठचा एक बंगला मिळविला. त्याच्या भाड्यासाठी त्यांनी आपला हिऱ्यांचा शिरपेच विकला, असे सांगतात. कवी सुमारे दोन महिने तेथे राहिले. निघताना बाईंनी ते ज्या आरामखुर्चीत बसत ती जहाजावर चढविली. ती खुर्ची पुढे शांतिनिकेतनात पोहोचली आणि १९२५ साली ‘पूरबी’ हा काव्यसंग्रह ‘विजया’ला अर्पण झाला. विजया म्हणजे व्हिक्टोरिया. रवीन्द्रनाथांच्या चित्रांचे पॅरिसमधील १९३०चे प्रदर्शनही बाईंच्याच खटपटीने भरले. आपल्याकडे त्यांची ओळख बहुधा येथेच संपते. एका थोर कवीची यजमानीण, एवढीच. मला हे अपुरे वाटते, कारण त्यांचे स्वतःचे काम यानंतर सुरू झाले.

१९३१च्या आरंभी त्यांनी नियतकालिक काढले. नाव काय ठेवावे हे ठरेना, तेव्हा स्पॅनिश तत्त्वज्ञ ओर्तेगा इ गासेत यांना दूरध्वनी केला आणि समोर ठेवलेल्या नावांतून त्यांनी ‘सूर’ निवडले. स्पॅनिश भाषेत सूर म्हणजे दक्षिण. (आपल्या कानाला त्यात गाणे ऐकू येते, तो आपला लाभ.) मुखपृष्ठावर खाली रोखलेला एक बाण असे. युरोप आणि उत्तर अमेरिका आपल्याकडे पाहात नाहीत. तर मग आपणच दोन्हींकडे पाहू आणि त्यांनाही आपल्याकडे पाहायला लावू, असा काहीसा तो हेतू होता. आणि गंमत पाहा, हेही प्रथम त्रैमासिकच होते. मासिक झाले ते १९३५ साली.

“तू बुडशील, व्हिक्टोरिया,” अशा अर्थाचा इशारा वडिलांनी दिला होता. म्हाताऱ्याचे गणित चुकले नाही. अंक तोट्यात जात. त्याला टेकू म्हणून १९३३ साली बाईंनी त्याच नावाची प्रकाशनसंस्था उभी केली. लोर्काच्या कविता, हक्स्ली, डी. एच. लॉरेन्स यांची पुस्तके तिने स्पॅनिशमध्ये आणली. स्त्रीला लिहायचे तर स्वतःची खोली हवी आणि स्वतःचे उत्पन्न हवे, हे सांगणारे व्हर्जिनिया वुल्फ यांचे पुस्तकही त्यांत होते. त्याचा अनुवाद बोर्हेस यांच्या नावावर आहे. ज्या बाईने आधी स्वतःच्या पैशावर हक्क मिळविला आणि मग तो छापखान्यात ओतला, तिने हे पुस्तक निवडावे यात नवल नाही. पुस्तके खपली तरी खड्डा बुजला नाही. वारशाची संपत्ती वर्षानुवर्षे त्यात जिरत राहिली.

पैसा गेला, मग मिळाले काय? मी अर्थसमितीत बसलेला माणूस, हा प्रश्न मला टाळता येत नाही. एक उदाहरण देतो. होर्हे लुइस बोर्हेस हे नाव आज जगभर दुमदुमते. त्यांची ‘पिएर मेनार’ ही विलक्षण कथा मे १९३९मध्ये ‘सूर’ने छापली, तेव्हा ते नगरपालिकेच्या एका ग्रंथालयात किरकोळ नोकरी करीत होते. १९४२ साली त्यांच्या कथासंग्रहाला राष्ट्रीय पारितोषिक नाकारले गेले, तेव्हा ‘सूर’ने जुलैच्या अंकात लेखकामागून लेखक उभे करून त्या अन्यायाचे परिमार्जन केले. पारितोषिक काही परत मिळाले नाही. पण आपला लेख कोणाच्या तरी खणात पडून राहणार नाही, हे त्या कारकुनाला कळले.

आता एक अवघड गोष्ट. आपल्यापैकी अनेकांनी ज्यांचे तत्त्वज्ञान आदराने वाचले ते जाक मारितँ १९३६ साली ब्वेनोस आयरेसला आले, तेव्हा ‘सूर’ने त्यांचे स्वागत केले. पुढे स्पेनमधील यादवीला ‘पवित्र युद्ध’ म्हणायला मारितँ यांनी नकार दिला. ‘क्रितेरिओ’ या तेथील कॅथलिक साप्ताहिकाने ‘सूर’ डाव्यांचे असल्याचा ठपका ठेवला. ऑगस्ट १९३७च्या अंकात ‘सूर’ने आपली भूमिका छापून उत्तर दिले. हे मी धर्मगुरू म्हणून वाचतो तेव्हा मला आमच्या बाजूने उभे राहता येत नाही. ज्यांनी एका थोर कॅथलिक विचारवंताला पाने मोकळी करून दिली, त्यांच्यावरच आम्ही खेकसलो.

मे १९५३मध्ये पेरॉन यांच्या राजवटीने त्यांना अटक केली. वय त्रेसष्ट. सव्वीस दिवस त्या स्त्रियांच्या तुरुंगात होत्या. त्या तुरुंगाचे नाव ‘एल बुएन पास्तोर’, म्हणजे उत्तम मेंढपाळ. आणि तो चालवीत होत्या त्याच नावाच्या व्रतस्थ भगिनी. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवले आणि बराच वेळ अंगणात फेऱ्या मारल्या. गाब्रिएला मिस्त्राल यांनी, आपल्या पंडित नेहरूंनीही, सुटकेसाठी शब्द टाकला.

त्या निर्दोष नव्हत्या. स्त्रियांच्या हक्कांसाठी १९३६ साली संघटना उभारणाऱ्या या बाईंनी १९४५मध्ये पेरॉन हुकूमनाम्याने मताधिकार देऊ पाहात असताना विरोध केला. तत्त्व असेल त्यात. पण पायात जोडा असलेल्यालाच असे तत्त्व परवडते, असे मला वाटल्याशिवाय राहात नाही. ‘सूर’ उच्चभ्रूंचे आहे ही टीकाही जन्मभर पाठीस लागली, आणि ती सर्वस्वी खोटी नव्हती.

१९७०नंतर अंक अनियमित झाला. १९७३ साली त्यांनी सान इसिद्रोचे घर युनेस्कोला देऊन टाकले. १९७७ साली त्या आर्जेन्टिनाच्या साहित्य अकादमीत प्रवेश करणाऱ्या पहिल्या स्त्री झाल्या. २७ जानेवारी १९७९ रोजी निवर्तल्या.

गेल्या महिन्यात जुन्या फायली उपसून मी रहाटावरचा तो लेख शोधून काढला. फुलस्केपची सहा पाने, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. बाई आता नाहीत. मुलाला दूरध्वनी केला, तर तो म्हणाला, “फादर, आईने दुसरी प्रत ठेवली नव्हती. ती म्हणायची, फादरांकडे आहे ना.” संपादकांस माझ्या या लेखासोबत ती सहा पानेही धाडीत आहे. जागा एकाच लेखापुरती असेल, तर बाईंचा घ्यावा.