कोणती गाडी घेतली, भाऊ?

दसऱ्याला गाडी आणली आणि फोटो टाकायचा नाही असं ठरवलं होतं. पण टिटवाळ्यात गोष्ट लपते थोडीच. स्टेशनजवळ उभी केली आणि संध्याकाळपर्यंत फोन सुरू. "भाऊ, लडाखला निघालात का?" "पत्रकारांना एवढे पैसे कधीपासून मिळायला लागले?" आणि सगळ्यात जास्त विचारणा ही, की "आम्हाला पण घ्यायचीय. रोडला पण चालली पाहिजे आणि कच्च्याला पण. कोणती घेऊ?"

प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहितो. लांबेल, चहा घेऊन बसा.

माझी जुनी गाडी म्हणजे स्प्लेंडर. सोळा वर्षं वापरली. लग्न, पोरीचा जन्म, दोन पेपर बदलले, एक पेपर बंद पडला, सगळं त्याच गाडीवर. तिच्याबद्दल वाईट एक शब्द बोलणार नाही. या जुलैत रात्री नऊच्या सुमारास एका गावची बैठक उरकून परत येत होतो. पाऊस, समोरून गाडीचा लाईट डोळ्यांवर, आणि पाण्याने भरलेला खड्डा. पुढचं चाक आत गेलं ते बाहेर आलंच नाही. मागचा टेम्पोवाला वेळेत थांबला म्हणून आज हे लिहितोय. डावं मनगट, तीन आठवडे प्लास्टर. रस्ता कुठला आणि कुणाचा ते इथे लिहीत नाही, त्याचा अर्ज वेगळा केलाय. डिप्लोमा करताना सरांनी सांगितलं होतं, स्वतःची बातमी करायची नाही. ते मी वीस वर्षं पाळलं.

प्लास्टर निघाल्यावर बायको म्हणाली, "आता गाडी बदला, नाहीतर लोकलने फिरा." लोकलने ठाण्याला जाता येतं. पाड्यावर नाही जाता येत.

मग गाडी शोधायला लागलो. पण त्याआधी एक काम केलं, जे तुम्हीपण करा असं सांगेन. ऑगस्टचा पूर्ण महिना एका वहीत रोजचे किलोमीटर लिहिले. माझा फिरस्ता म्हणजे टिटवाळा-गोवेली, तिथून कल्याण-मुरबाड रस्त्याला लागून मुरबाड, सरळगाव, कधी टोकावडे. दुसऱ्या बाजूला खडवली, वासिंद, शहापूर, कधी डोळखांबकडे. वहीत दोन रकाने आखले होते, डांबरी आणि कच्चा. चौथ्या दिवशी तिसरा रकाना आखावा लागला. त्याला नाव दिलं, 'पूर्वी डांबरी'.

महिन्याचा हिशोब असा निघाला. एकूण 1,140 किलोमीटर. त्यातले 760 सिमेंटचे किंवा धड डांबराचे. खरा कच्चा, म्हणजे पाड्याकडे जाणारा मातीचा, दगडगोट्यांचा रस्ता, फक्त 95. आणि उरलेले 285 तिसऱ्या रकान्यात.

कंपन्यांच्या जाहिरातीत गाडी वाळवंटात उडते, बर्फातून जाते, नदीतून फवारे उडवते. ती गाडी विकली जाते त्या 95 किलोमीटरच्या नावावर. मला हवी होती ती 285 साठी.

आता गाड्यांकडे येतो.

आपल्याकडे दोन्ही रस्त्यांची परवडणारी गाडी पहिल्यांदा आली ती 2011 ला, हिरोची इम्पल्स. 150 सीसीची, उंच, हलकी. गाडी चांगली होती पण काळाच्या आधी आली. लोक म्हणायचे एवढे पैसे टाकून पॉवर नाही. काही वर्षांत बंद पडली. मुरबाडच्या एका मित्राकडे अजून आहे, पार्टसाठी वणवण करतो पण विकत नाही. नंतर 2016 ला रॉयल एनफिल्डची हिमालयन आली, 411 सीसी. मग 2019 ला हिरोनेच एक्सपल्स 200 काढली, आणि तिथून ही गोष्ट आपल्यासारख्यांच्या आवाक्यात आली. 2022 ला सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स, 2023 च्या अखेरीस नवी हिमालयन 450. कावासाकीची केएलएक्स पण आहे, पण तिची सीट 880 मिलिमीटर. माझी उंची पाच फूट पाच. तिच्यावर बसलो असतो तर सिग्नलला उतरायला शिडी लागली असती.

सीटची उंची हा पहिला मुद्दा, आणि शोरूमवाला तो शेवटी सांगतो. स्प्लेंडरची सीट 785. एक्सपल्सची 825, व्ही-स्ट्रॉमची 835, हिमालयन 450 ची पण 825 च्या आसपास. चार-पाच सेंटिमीटर म्हणजे काय, असं वाटतं. चिखलात गाडी तिरकी झाली, पाय टेकवायला गेलात आणि खाली खड्डा असला की कळतं. तेव्हा ट्रायल घेताना सपाट रस्त्यावर घेऊ नका. एका बाजूने उतार असेल तिथे थांबून बघा.

दुसरा मुद्दा वजनाचा. हिमालयन 450 ची भरलेली गाडी 196 किलो, एक्सपल्स 200 साधारण 159, स्प्लेंडर 112. कच्च्या रस्त्यावर गाडी पडते. पडणारच. प्रश्न एवढाच, की पाड्याच्या वाटेवर एकट्याने ती उचलता येईल का. माझं मनगट आता पूर्वीसारखं नाही, त्यामुळे हिमालयन तिथेच बाद झाली. गाडी म्हणून ती सगळ्यात भारी वाटली, हे खरं सांगतो. मुरबाड रोडच्या सिमेंटवर ती अशी जाते की परत द्यावीशी वाटत नाही. ज्यांना माळशेज चढून नगरपर्यंत लांबचं जायचंय, आणि उंची-ताकद आहे, त्यांनी तीच बघावी.

तिसरा मुद्दा टॅक्सचा, तो बऱ्याच जणांना माहीत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून, म्हणजे घटस्थापनेच्या दिवसापासून, 350 सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला. त्याच दिवशी 350 च्या वरच्या गाड्यांवर सेस धरून 31 होता तो सरळ 40 झाला. म्हणून मी ऑगस्टमध्ये गाडी ठरवूनही दसऱ्यापर्यंत थांबलो. छोटी गाडी स्वस्त, मोठी महाग. सरकारने निदान माझ्या बाबतीत तरी निर्णय सोपा केला.

चौथा मुद्दा चाकाचा, आणि त्यावर थोडं थांबतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

एक्सपल्सचं पुढचं चाक 21 इंची. हिमालयनचं पण 21. व्ही-स्ट्रॉमचं 19. मोठं चाक खड्ड्यात पडत नाही, त्याच्या काठावरून चढून जातं. लहान चाक आत उतरतं आणि समोरच्या काठावर आपटतं. सायकलवर आणि पोरांच्या स्केटिंगवर हाच फरक दिसतो. शिवाय एक्सपल्सच्या पुढच्या शॉकअपला 190 मिलिमीटर खेळ आहे. स्प्लेंडरवर ज्या ठिकाणी कंबर निघायची, तिथून ही गाडी डुलत जाते. 21 इंचाचे तोटेपण आहेत. गर्दीत वळायला आळशी, आणि तार असलेलं चाक म्हणजे आत ट्यूब. पंक्चर झालं तर दोरी घालून पाच मिनिटांत काम होत नाही, चाक खोलावं लागतं. व्ही-स्ट्रॉमचे ट्यूबलेस आहेत, रस्त्यावर ती जास्त सोयीची. वहीत 760 च्या जागी हजार आले असते तर मी तीच घेतली असती. आणि ते बटन टायर बघून भुलू नका. चिखलात छान, ओल्या सिमेंटवर घसरगुंडी.

शेवटी एक्सपल्स 200 घेतली. नवी 210 पण आलीय, जास्त ताकदीची, पण बजेट संपलं होतं. तक्रारी सांगतो. नाशिक हायवेला ट्रकला ओव्हरटेक करताना दम कमी पडतो. हँडल रुंद, पार्किंगमध्ये शेजारच्याच्या आरशाला लागतं. आणि बायको मागे बसायला तयार नाही. साडी नेसून एवढ्या उंच सीटवर चढायचं म्हणजे, तिच्या शब्दांत, "सगळ्या टिटवाळ्याला तमाशा".

एक गोष्ट मात्र जीव तोडून सांगतो. आपल्या काळू नदीवरचा रुंद्याचा पूल दर पावसाळ्यात पाण्याखाली जातो, उल्हासवरचा रायत्याचापण जातो. अशी गाडी हातात असली की पोरांना वाटतं जाऊया. जाऊ नका. इंजिनात पाणी जाईल हा प्रश्नच नाही. वाहतं पाणी बाजूने ढकलतं, आणि त्याला गाडी दीड लाखाची की चार लाखांची हे कळत नाही.

पहिल्याच आठवड्यात मुरबाडकडच्या एका पाड्यावर गेलो. मनात म्हटलं, आता बघू. शेवटचा किलोमीटर चढ, गोटे, मधे ओहोळ. मजेत चढलो. वर पोचलो तर चार स्प्लेंडर आधीच उभ्या. एकीवर दोन दुधाचे कॅन. एक म्हातारे बाबा गाडीभोवती फिरून बघत म्हणाले, "लय उंच हाय. पोरांच्या गाड्या येतात की इथवर." ते खरं होतं. याच पट्ट्यातल्या पाड्यांवरून गरोदर बाईला डोलीत घालून खाली आणल्याच्या बातम्या आम्ही दर पावसाळ्यात देतो. तिथल्या माणसाला अॅडव्हेंचर हा शब्द वापरून काही विकता येणार नाही.

आणि आता जे सांगायला बसलो होतो ते.

दसऱ्यानंतर दोन आठवड्यांच्या आत हायकोर्टाचा आदेश आला. खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर कुटुंबाला 6 लाख, जखमीला 50 हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई. चांगला रस्ता हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं कोर्टाने म्हटलं. मी बातमी केली. 2018 चा पावसाळा आठवत होता, कल्याणात काही आठवड्यांत पाच जण खड्ड्यांनी गेले होते तो. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टापुढे आकडा आला होता, 2013 ते 2017 या पाच वर्षांत देशभरात 14,926 माणसं खड्ड्यांच्या अपघातांत गेली. हे सगळं बातमीत घातलं. मग वाटलं, सोबत आपल्या भागातला एक ताजा फोटो हवा. कुठला खड्डा घ्यावा?

आठवेना.

म्हणजे खरंच आठवेना. सप्टेंबरपर्यंत मला घरापासून गोवेलीपर्यंत प्रत्येक खड्डा पाठ होता, कुठे डावीकडून काढायची, कुठे पहिल्या गिअरवर यायचं. वहीचा तिसरा रकाना रोज भरत होतो. नवी गाडी आल्यापासून वही उघडलीच नव्हती. रस्ता तोच होता. मला लागायचा बंद झाला होता.

घरी बोलता बोलता बायकोला विचारलं, सध्या सगळ्यात वाईट जागा कुठली गं. तिने एका दमात पाच सांगितल्या. ती स्कूटर चालवते. पुढचं चाक 12 इंची, मागचं 10. पुढे पायाजवळ भाजीची पिशवी, मागे पोरगी, तिचं दप्तर. पाचातल्या दोन ठिकाणी ती पोरीला उतरवते, खड्डा पार करते आणि परत बसवते. हे रोजचं. मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, कधी बोलली नाहीस. ती म्हणाली, "तुमचं झालं ना. तुम्ही उंच गाडी घेतलीत. आम्ही अजून तिथूनच जातो."

त्या रात्री झोप लागली नाही असं लिहिलं तर नाटकी होईल. झोप लागली. पण सकाळी स्टेशन रस्त्याला उभा राहून अर्धा तास नुसत्या गाड्या बघितल्या. बायका, स्कूटर, मागे एक पोर, कधी दोन. रिक्षा, तिचीपण चाकं तेवढीच. ज्यांना जमतं ते मोठी चाकं घेतात. कारवाला एसयूव्ही घेतो, माझ्यासारखा हप्त्यावर एक्सपल्स घेतो. आणि तक्रार करायला, अर्ज करायला, बातमी लावायला ज्याला येतं तोच आधी वर चढून बसतो. गेल्या महिन्यात रस्त्याबद्दल माझ्याकडे किती जण बोलायला आले ते मोजलं. एक. तोही रिक्षावाला.

गाडी विकणार नाही. मनगट माझं आहे आणि पाड्यांवर जायचंच आहे. ज्यांनी विचारलं त्यांना उत्तर: आधी महिनाभर वही लिहा, तीन रकान्यांची. कच्चा खरोखर जास्त असेल, एकट्याने फिरत असाल, तर एक्सपल्स. सिमेंट जास्त, मागे कुणी बसणार असेल, तर व्ही-स्ट्रॉम. दोन्ही भरपूर आणि अंगात जोर असेल तर हिमालयन. आणि तिसरा रकाना सगळ्यात मोठा निघाला तर गाडी घ्या, पण वही फेकू नका, मला आणून द्या.

माझी वही परत सुरू केलीय. ठरवलं होतं की रोज बायकोची स्कूटर घेऊन फिरायचं आणि तिच्या पाच जागांपासून सुरुवात करून तारखेसह फोटो काढायचे, प्रत्येक जागेचा वेगळा अर्ज करायचा. तिने लगेच विचारलं, "मग मी पोरीला शाळेत कशावर सोडू? तुमच्या त्या घोड्यावर?"

म्हणून सध्या फक्त शनिवारी. गेल्या शनिवारी दोन जागा झाल्या. दोन्ही अर्जांची पोच घेतलीय.